नागपूर-मुंबईचं विमान थेट अटलांटिक पार करतंय! छोट्या विमानातून अमेरिकेला जाणं कितपत बरं?

वडनेर भोलजीला आमच्या काकूची सध्या अमेरिकेची तयारी सुरू आहे. लेक बोस्टनला, तिचं बाळंतपण जवळ आलंय, म्हणून काकू सहा महिन्यांसाठी निघाली आहे. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाळाच्या गोधड्या, सगळं बांधून ठेवलंय. परवा लेकीने तिकिटाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मुंबई ते युरोप मोठं विमान. तिथे विमान बदलायचं. आणि युरोप ते बोस्टन, विमानाच्या नावापुढे लिहिलेलं: एअरबस ए३२१.

काकांनी ते वाचलं आणि ग्रुपवर पहिला मेसेज पडला, "हे तं नागपूर-मुंबईचं इमान झालं! यात बसून समुद्र कसा पार करतीन?"

काकांचं चुकलं नव्हतं. गेल्या वर्षी ते नागपूरहून मुंबईला गेले तेव्हा याच कुटुंबातल्या विमानात बसले होते. मधे एकच गल्ली, दोन्हीकडे तीन-तीन सीटा. दीड तासात उतरले. आता तसंच विमान सात-आठ तास पाण्यावरून जाणार म्हटल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येईल.

तुमच्याही घरात कुणी लेकीकडे, मुलाकडे किंवा शिकायला अमेरिकेला जात असेल तर हा प्रश्न तुमच्याकडे येणार आहे. कारण अटलांटिकवर अशी विमानं वाढत चालली आहेत आणि आता मुंबईहून युरोपलाही त्यांची सुरुवात झाली आहे. तर ही भानगड नीट समजून घेऊ.

छोटं विमान म्हणजे नेमकं कोणतं?

प्रवासी विमानांचे ढोबळ दोन प्रकार. ज्यात चालायला दोन गल्ल्या असतात ते रुंद विमान. बोइंग ७७७, ७८७, एअरबस ए३५० ही त्यातली. तीनशे ते चारशे माणसं एका वेळी नेतात. आणि ज्यात एकच गल्ली असते ते अरुंद विमान. बोइंग ७३७, एअरबस ए३२०, ए३२१ ही त्यातली. भारतात देशांतर्गत फिरताना आपण बहुतेक वेळा यातच बसतो.

म्हणजे इथे छोटं म्हणजे वीस सीटांचं खेळण्यासारखं विमान डोळ्यांसमोर आणू नका. ए३२१ची लांबी साडेचव्वेचाळीस मीटर आहे. एसटीच्या चार बस एकामागे एक उभ्या केल्या तर जवळपास तेवढी लांबी भरेल. सीटा कशा मांडल्या त्यावर दीडशे-दोनशे माणसं आरामात बसतात.

पण खरी गंमत पुढे आहे. समुद्र पार करायला एका गल्लीचं विमान ही नवी गोष्ट नाहीच. आपली एअर इंडिया अमेरिकेला पहिल्यांदा गेली, ती अशाच विमानाने.

१९६० साली एअर इंडिया न्यूयॉर्कला कशाने गेली?

८ जून १९४८. एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' नावाचं विमान मुंबईहून लंडनला निघालं. लॉकहीड कंपनीचं कॉन्स्टलेशन जातीचं, चार पंख्यांचं विमान. कैरो आणि जिनिव्हाला थांबत ते लंडनला पोहोचलं. एअर इंडियाच्या युरोपच्या नियमित विमानसेवेची ही सुरुवात.

बारा वर्षांनी जेटचं युग आलं. एअर इंडियाने बोइंग ७०७ घेतलं आणि १४ मे १९६० रोजी मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्क ही सेवा सुरू केली. जेट विमानाने अटलांटिक पार करणारी ती आशियातली पहिली विमान कंपनी ठरली. पुढे १९६२ मध्ये एअर इंडियाचा सगळाच ताफा जेट विमानांचा झाला.

आता हे ७०७ कसं होतं? मधे एक गल्ली. दोन्हीकडे तीन-तीन सीटा. बाहेरून रुंदी सुमारे ३.७६ मीटर. काकूच्या तिकिटावरच्या ए३२१ची रुंदी सुमारे ३.९५ मीटर. म्हणजे ज्या विमानाने मराठी डॉक्टर, इंजिनियर, विद्यार्थी साठच्या दशकात अमेरिकेला गेले, त्यापेक्षा आजचं हे 'छोटं' विमान वीतभर रुंदच आहे. लांबीत ७०७ थोडं पुढे होतं, ४६.६ मीटर. पण फरक दोन मीटरचाच.

मग लोकांना 'समुद्र म्हणजे मोठंच विमान' असं कधीपासून वाटायला लागलं? १९७० नंतर. जंबो जेट म्हणजे बोइंग ७४७ आलं, एअर इंडियाकडेही ते १९७१ मध्ये आलं. एका वेळी साडेतीनशे-चारशे माणसं जायला लागली, दर माणशी खर्च कमी झाला. दोन मजली विमान, वर जाणारा गोल जिना, त्याची ऐट वेगळीच होती. त्यानंतरच्या दोन पिढ्यांसाठी परदेश आणि जंबो हे समीकरण पक्कं झालं.

पण ७०७ला चार इंजिनं होती, याला दोनच आहेत. त्याचं काय?

हा मुद्दा बरोबर आहे आणि काकांनीही तो लगेच काढला.

पूर्वी विमानांना पिस्टनची इंजिनं असायची आणि ती बंद पडणं तसं नवलाचं नव्हतं. म्हणून १९५३ मध्ये अमेरिकेत नियम झाला: दोन इंजिनांच्या विमानाने अशाच मार्गाने जायचं, जिथून एक इंजिन बंद पडलं तरी ६० मिनिटांत कुठल्या तरी विमानतळावर उतरता येईल. अटलांटिकच्या मधोमध ६० मिनिटांवर विमानतळ कुठून आणायचा? त्यामुळे समुद्र पार करायला तीन किंवा चार इंजिनांचंच विमान लागायचं.

मग जेट इंजिनं आली. ती इतकी भरवशाची निघाली की नियमाचा फेरविचार झाला. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर नेली गेली. त्याच वर्षी १ फेब्रुवारी रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं दोन इंजिनांचं बोइंग ७६७ अटलांटिक पार करून पॅरिसला गेलं. निघालं कुठून? बोस्टनहून! तीन वर्षांत मर्यादा १८० मिनिटांवर गेली. या नियमाला 'इटॉप्स' म्हणतात.

इथे एक गैरसमज काढून टाका. ही परवानगी दोन इंजिनं आहेत म्हणून आपोआप मिळत नाही. विमानाची जात, इंजिनाची जात आणि चालवणारी कंपनी, तिघांनाही ती वेगळी मिळवावी लागते. देखभाल कशी करायची, किती सुटे भाग तयार ठेवायचे, वैमानिकांना काय शिकवायचं, सगळं ठरलेलं असतं. आणि निघण्याआधी वाटेतले आडवेळचे विमानतळ ठरवून घ्यावे लागतात. अटलांटिकवर ते कॅनडातलं गँडर, आइसलँडचं केफ्लाविक, आयर्लंडचं शॅनन आणि पोर्तुगालच्या ताब्यातली अझोर्स बेटं. नकाशात समुद्र नुसता निळा दिसतो, वैमानिकाला त्यात हे ठिपके दिसत असतात.

आज अटलांटिकवरची बहुतेक मोठी विमानंही, ७७७ असो की ए३५०, दोनच इंजिनांची आहेत. म्हणजे काकू मोठ्या विमानात बसली असती तरी इंजिनं बहुधा दोनच असती.

एक खरा प्रसंग सांगतो. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्सॅटचं एक विमान कॅनडाहून लिस्बनला निघालं होतं. समुद्रावर असताना इंधन गळायला लागलं आणि शेवटी दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन अझोर्स बेटांवर उतरवलं. आत ३०६ माणसं होती, सगळी वाचली. हे विमान कोणतं? एअरबस ए३३०, म्हणजे दोन गल्ल्यांचं मोठं विमान. बिघाडाचं मूळ होतं देखभालीतल्या चुकीत. मुद्दा हा की विमान किती रुंद आहे यावर सुरक्षितता ठरत नाही. देखभाल, नियम आणि वैमानिक यावर ठरते.

मग छोटी विमानं समुद्रावर परत कशी आली?

सुरुवात बोइंग ७५७ने केली. एका गल्लीचं, दोन इंजिनांचं, अंगाने लांबोडकं विमान. नव्वदीनंतर आणि विशेषतः २००० नंतर अमेरिकन कंपन्यांनी ते युरोपच्या मध्यम शहरांकडे वळवलं. पण बोइंगने २००४ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. एकूण १,०५० विमानं बनली आणि ती म्हातारी व्हायला लागली.

मधल्या काळात वेगवेगळे प्रयोग झाले. सगळ्यात भन्नाट प्रयोग ब्रिटिश एअरवेजचा. २००९ मध्ये त्यांनी लंडन शहरातल्या छोट्या विमानतळावरून न्यूयॉर्कला ए३१८ हे ए३२०चं धाकटं भावंड सोडलं. आत फक्त ३२ सीटा, सगळ्या बिझनेस क्लास. धावपट्टी आखूड, त्यामुळे पोटभर इंधन घेऊन उडता यायचं नाही. म्हणून जाताना आयर्लंडमध्ये शॅननला थांबून इंधन भरायचं. तेवढ्यात प्रवाशांची अमेरिकेची इमिग्रेशन तपासणीही तिथेच उरकायची. ही सेवा २०२० मध्ये बंद झाली. २०१७ मध्ये नॉर्वेजियन कंपनीने बोइंग ७३७ मॅक्स अमेरिकेहून स्कॉटलंड-आयर्लंडला नेऊन पाहिलं, तेही टिकलं नाही.

खरा बदल एअरबसने घडवला. त्यांनी नेहमीच्या ए३२१मध्ये इंधनाच्या जादा टाक्या बसवून त्याची लांब पल्ल्याची आवृत्ती काढली, ए३२१ एलआर. पल्ला सुमारे ७,४०० किलोमीटर. ११ ऑगस्ट २०२१ पासून जेटब्लू या अमेरिकन कंपनीने त्याने न्यूयॉर्क-लंडन सुरू केलं, पुढच्या वर्षी बोस्टन-लंडनही.

त्याच्याही पुढची आवृत्ती म्हणजे ए३२१ एक्सएलआर. पल्ला ८,७०० किलोमीटर. यात एअरबसने वेगळी युक्ती केली. सुट्या टाक्या सामानाच्या जागेत ठेवण्याऐवजी विमानाच्या पोटातच, चाकांच्या मागे, सांगाड्याचा भाग असलेली १२,९०० लिटरची पक्की टाकी बांधली. त्यामुळे इंधन जास्त मावतं आणि सामानाची जागा कमी अडते. वजन वाढलं म्हणून चाकांचा सांगाडा दणकट केला. उडताना या विमानाचं वजन १०१ टनांपर्यंत चालतं.

ही टाकी प्रवाशांच्या पायाखाली येते, म्हणून आगीच्या दृष्टीने युरोपच्या विमान सुरक्षा यंत्रणेने जादा अटी घातल्या. एअरबसला रचनेत बदल करावे लागले, वेळ लागला. जून २०२२ मध्ये पहिलं उड्डाण झालं आणि प्रमाणपत्र मिळालं जुलै २०२४ मध्ये. स्पेनच्या आयबेरियाने १४ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याने माद्रिद-बोस्टन उड्डाण केलं आणि या विमानाने प्रवासी घेऊन पहिल्यांदा अटलांटिक ओलांडला.

कंपन्यांना यात काय मिळतं? काळीपिवळीचं गणित!

हे समजायला विमानतळावर जायची गरज नाही, आमच्या गावच्या स्टॉपवर उभं राहिलं तरी पुरे.

वडनेर भोलजी मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे, राष्ट्रीय महामार्गावर. पूर्वी हा ६ नंबरचा, आता ५३ नंबरचा. हायवेवर एसटी मिळते. पण आडबाजूच्या गावाला दिवसाला पंधरा-वीसच माणसं जाणारी असतील तर तिथे पन्नास सीटांची बस कुणी सोडत नाही. सोडली तरी महिन्याभरात बंद होते. तिथे काळीपिवळी चालते. दहा-बारा माणसं झाली की निघाली.

विमानाचं अगदी तसंच आहे. समजा दोन शहरांमध्ये रोज १६० प्रवासी आहेत. तिथे ३५० सीटांचं विमान सोडलं तर १९० सीटा रिकाम्या. इंधन, वैमानिक, विमानतळाचं भाडं, सगळं मोठ्या विमानाचं द्यायचं. तोटाच तोटा. तिथेच १९५ सीटांचं विमान सोडलं तर फक्त ३५ सीटा रिकाम्या. गाडी फायद्यात.

म्हणजे छोट्या विमानामुळे अशी शहरं थेट जोडली जातात, जी एरवी जोडलीच गेली नसती. नाहीतर काय होतं? सगळ्यांनी आधी एका मोठ्या विमानतळावर गोळा व्हायचं आणि तिथून पुढची विमानं पकडायची. आपल्याकडे जसं भुसावळला उतरून गाडी बदलतात, तसं जगाचं भुसावळ म्हणजे दुबई, दोहा, लंडन, फ्रँकफर्ट. छोटं विमान म्हणजे भुसावळला न उतरता जाण्याची सोय.

दुसरा फायदा, जोखीम कमी. नवा मार्ग चालेल की नाही हे आधी छोट्या विमानाने पाहायचं. गर्दी वाढली की मोठं आणायचं. आणि काही मार्गांवर उन्हाळ्यात मोठं, थंडीत छोटं असंही करता येतं. त्यामुळे सेवा वर्षभर चालू राहते.

मुंबईहून हे विमान कुठे जातं?

जानेवारी २०२६ मध्ये इंडिगोने भारतातलं पहिलं ए३२१ एक्सएलआर आणलं आणि त्याच महिन्यात मुंबईहून ग्रीसच्या अथेन्सला थेट सेवा सुरू केली. १९५ सीटा, त्यातल्या १२ पुढच्या ऐसपैस वर्गाच्या.

आता एक आकडा बघा. मुंबई ते अथेन्स सरळ अंतर सुमारे ५,१५० किलोमीटर. न्यूयॉर्क ते लंडन सुमारे ५,५५० किलोमीटर. म्हणजे अटलांटिक पार करणं आणि मुंबईहून युरोपच्या दारात पोहोचणं, दोन्ही जवळपास सारखंच. म्हणून जे विमान अटलांटिकसाठी बनलं ते आपल्याही कामाचं निघालं.

याउलट २०२५ मध्ये इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केलं तेव्हा त्यासाठी भाड्याने मोठी बोइंग ७८७ घेतली होती. अंतर आणि गर्दी वेगळी, की विमानही वेगळं.

मग मुंबईहून थेट अमेरिका याने जमेल का? नाही. मुंबई-न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचा पल्ला ८,७००. तिथे ७७७सारखं मोठंच विमान लागतं. छोट्या विमानाने जायचं तर वाटेत युरोपला थांबावंच लागेल. १९६० मध्ये ७०७ थांबायचं, अगदी तसंच.

आणि नागपूर-लंडन? सरळ अंतर भरतं सुमारे साडेसात हजार किलोमीटर. कागदावर पल्ल्यात बसतं. पण कागद आणि आकाश यात फरक आहे. तो फरकच या विमानाची दुखती नस आहे.

दुखती नस कोणती?

पल्ल्याचा जो आकडा कंपनी सांगते तो वारा नाही, वळसा नाही, सगळं सुरळीत आहे असं धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात तीन गोष्टी तो खाऊन टाकतात.

पहिली गोष्ट, वारा. वर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. थंडीत तो अजून जोर धरतो. त्यामुळे युरोपहून अमेरिकेला जाताना तो समोरून येतो. आपण मुंबईहून युरोपला जातानाही समोरूनच येतो, म्हणून जायला वेळ जास्त आणि यायला कमी लागतो. डिसेंबर २०११ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या बोइंग ७५७ विमानांना युरोपहून अमेरिकेला येताना ४३ वेळा मधेच उतरून इंधन भरावं लागलं होतं. महिन्याभरातली फेऱ्यांची संख्या होती सुमारे १,१००. आदल्या वर्षी त्याच महिन्यात असं फक्त १२ वेळा झालं होतं. त्या वर्षी वारा जास्त होता. आजची एलआर, एक्सएलआर विमानं ७५७पेक्षा बरीच कमी इंधन पितात, पण वाऱ्यापुढे नियम सगळ्यांना तोच.

दुसरी गोष्ट, वजन. पल्ल्याच्या अगदी टोकाला जायचं तर इंधन भरपूर घ्यावं लागतं. एकूण वजनाला मर्यादा असल्याने मग माणसं किंवा सामान कमी करावं लागतं. म्हणून कंपन्या अशा मार्गांवर सीटाच कमी ठेवतात. जेटब्लूच्या ए३२१ एलआरमध्ये १३८ सीटा आहेत. देशांतर्गत मार्गावर याच विमानात दोनशेच्या वर माणसं बसतात.

तिसरी गोष्ट आपल्याला जास्त लागू होते: वळसा. २०१९ मध्ये इंडिगोने दिल्ली-इस्तंबूल सेवा सुरू केली, तीही एका गल्लीच्या विमानाने. पण बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं होतं. अरबी समुद्रावरून वळसा घालून जाताना इंधन पुरेना, म्हणून विमान दोह्याला थांबून इंधन भरायचं आणि मग पुढे जायचं.

एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा तेच. पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं. इंडिगोला दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीच्या सेवाच थांबवाव्या लागल्या. कारण वळसा घालून ही शहरं त्यांच्या ताफ्यातल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली. मोठ्या विमानाला वळशाने उशीर होतो, खर्च वाढतो. छोट्या विमानाची वाटच बंद होऊ शकते.

थोडक्यात, या विमानाचा स्वभाव असा: जिथे दुसरं कुणी जात नाही तिथे ते जातं, पण शिलकीत फार काही ठेवून जात नाही. भीती पडण्याची नाही. इंधन कमी असेल तर ते उडतच नाही किंवा आधीच कुठेतरी उतरतं. फटका बसतो तो वेळेला, सामानाला आणि पुढच्या कनेक्शनला.

आत बसल्यावर फरक पडतो का?

पडतो. पण वाटतो तसाच पडतो असं नाही.

सीटची रुंदी घ्या. ए३२१मध्ये ती साधारण १८ इंच असते. मोठ्या ७७७मध्ये एका रांगेत दहा सीटा बसवल्या असतील तर तिथे साधारण १७ इंच मिळते. म्हणजे इकॉनॉमीत छोट्या विमानात खांदा उलट थोडा मोकळा. शिवाय एका रांगेत तीन-तीनच सीटा, त्यामुळे कुणालाही दोनपेक्षा जास्त माणसं ओलांडून बाहेर यावं लागत नाही.

अडचण गल्लीची. जेवणाची गाडी गल्लीत आली की सगळी वाहतूक ठप्प. टॉयलेटला जायचं तर गाडी पुढे सरकेपर्यंत थांबा. रात्रीच्या वेळी पाय मोकळे करायला फेरी मारावी म्हटलं तर जागा कमी. वयस्कर माणसांनी, गुडघ्याचा किंवा साखरेचा त्रास असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. गल्लीकडची सीट घ्या, जेवण वाटण्याआधीच उठून या, बसल्या जागी पाय हलवत राहा.

उतरताना मात्र मजा. दोनशेच्या आत माणसं, त्यामुळे सामानाच्या पट्ट्यावर गर्दी कमी.

तिकीट काढताना काय बघायचं?

१. विमानाचं नाव वाचा. बहुतेक ॲपमध्ये 'तपशील' उघडला की दिसतं. ए३२१, ७३७ दिसलं की एक गल्ली. ७७७, ७८७, ए३३०, ए३५० दिसलं की दोन. ऐन वेळी विमान बदलू शकतं, हेही लक्षात असू द्या.

२. सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. मधे इंधनासाठी थांबावं लागलं आणि पुढचं विमान चुकलं तर एकाच तिकिटावर कंपनी पुढची सोय लावते. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत तर पुढचं तिकीट वाया.

३. व्हिसा. दोन वेगळ्या तिकिटांवर मधल्या शहरात सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागलं, तर त्या देशात प्रवेश करावा लागतो. अथेन्स, पॅरिस, फ्रँकफर्टला त्यासाठी शेंगेन व्हिसा हवा. नुसतं विमान बदलायचं असेल तर नियम देशागणिक वेगळे आहेत, त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघूनच पैसे भरा.

४. थंडीत पश्चिमेकडे जात असाल तर मधला वेळ भरपूर ठेवा. दीड तासाचं कनेक्शन कागदावर छान दिसतं. तीन तास ठेवले तर जीव शांत राहतो.

५. औषधं, कागदपत्रं, एक जोड कपडे हातातल्या बॅगेत. वजनापायी बॅग मागे राहिली तर दोन दिवस निघायला हवेत.

६. आई-वडील एकटे जात असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. चालता येत असलं तरी मागा. परक्या विमानतळावर गेट शोधायला सोबत माणूस मिळतो, त्याची किंमत त्या दिवशीच कळते.

मग काकूने जावं की नाही?

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. १९६० मध्ये एअर इंडिया यापेक्षा अरुंद विमानाने न्यूयॉर्कला जायची म्हटल्यावर ते जरा गप्प झाले. इंजिनाचं ऐकून थोडे निवळले. वाऱ्याचं आणि बॅगेचं सांगितल्यावर मात्र त्यांना नवीन काळजी लागली.

शेवटी लेकीने तिकिटात एवढाच बदल केला: मधला थांबा पावणेदोन तासांचा होता तो साडेतीन तासांचा घेतला. गल्लीकडची सीट आणि व्हीलचेअर नोंदवली. विमान तेच ठेवलं.

काकूने काय केलं? डिंकाच्या लाडवांचा डबा मोठ्या बॅगेतून काढला आणि हातातल्या बॅगेत ठेवला. म्हणे, "बॅग मागं राहिली तं राहू दे, लाडू माह्यासंग पोचले पायजेत."